पेटी वाढवली

टक.

एवढाच आवाज. टीव्हीखालच्या कपाटातून यायचा. मग पेटीतल्या पंख्याची घरघर थांबायची, घर एकदम मोठं वाटायला लागायचं, आणि मी हातातलं काम तसंच धरून उभी राहायची. थोड्या वेळाने पुन्हा टक. पंखा सुरू, हिरवा ठिपका सुरू. म्हणजे पुण्यात माझ्या लेकीने फोनवर बोट टेकवून रत्नागिरीतली पेटी बंद करून पुन्हा चालू केलेली असायची.

पेटी म्हणजे सर्व्हर. हा शब्द तिचा. मला तो बोलायला जमतो, मी तालुक्याच्या कचेरीत आयुष्यभर टायपिंग केलंय, पण घरात आलेल्या वस्तूला घरातलं नाव हवं. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी काळी पेटी ती. घरात तीन कॅमेरे, एक पडवीत, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात. त्यांची चित्रं पेटीत साठायची आणि पेटीतून लेकीच्या फोनवर जायची. आपल्या आईची चित्रं कुठल्या परक्या कंपनीकडे ठेवायची नाहीत असा तिचा हट्ट, म्हणून घरचीच पेटी. ती कॉम्प्युटरचंच काम करते, तेव्हा हे सगळं तिनेच आणून जोडलं.

आमचे हे गेल्यावर ती म्हणाली होती, "आता तू पुण्याला चल." मी म्हटलं, येणार नाही. पुण्याचं मला वावडं नाही. पण तिथे सातव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघत राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. माझं घर म्हणजे राजवाडा नव्हे. नाचणे रस्त्याच्या आतल्या बाजूला, चिऱ्याचं, तीन खोल्या आणि पडवी, मागे दोन माड आणि एक फणस. आम्ही दोघांनी नोकऱ्या करता करता बांधलेलं. त्यातल्या कुठल्या फरशीवर पाय घसरतो ते मला अंधारातही ठाऊक. भांडणं झाली, रडारड झाली, आणि शेवटी लेकीने तह केला.

"पेटी चालू आहे तोवर तू इथे," ती म्हणाली. "पेटी बंद पडली आणि मला तू दिसेनाशी झालीस, की मी गाडी घेऊन येणार नि तुला घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

मी हो म्हटलं. माझं रत्नागिरीतलं राहणं असं एका काळ्या पेटीच्या हवाली झालं.

आणि पेटी तर सारखी अडायची. कधी लाईट कमीजास्त व्हायची, कधी उकाडा, कधी खारं वारं, कधी काहीच कारण नसायचं. आधी लेक फोन करायची, "आई, जरा मागचं बटण बंद करून चालू कर." मग मी कपाटापुढे खाली बसायचं, आत हात घालायचा, बटण चाचपायचं, आणि परत उठताना टीव्हीच्या टेबलाला धरून देवाचं नाव घ्यायचं. तिने एकदा छोटी बॅटरीही आणून दिली होती. लाईट गेली की ती इतकी किंचाळायची की मी ती माळ्यावर टाकून दिली. शेवटी लेकीने स्मार्ट प्लग आणला. लाडवाएवढा पांढरा गोळा. भिंतीतल्या प्लगमध्ये तो खुपसायचा आणि त्याच्यात पेटीची वायर. वायफायवरून तो तिचं ऐकायचा. मी त्याला शहाणा म्हणायची. घरात दुसरं कोणी शहाणं उरलेलं नव्हतं असं तिचंही मत असावं.

आता आपल्याकडे प्रत्येक प्लगला भिंतीवर एक बटण असतं. आणि वापर झाला की ते बंद करायचं, हे माझ्या पिढीला शिकवावं लागत नाही. हे झोपण्याआधी घरभर एक फेरी मारायचे. मिक्सरचं बटण, टीव्हीचं, इस्त्रीचं, गीझरचं. "झाली का बंद?" असं स्वतःलाच विचारायचे. ते गेल्यावर ती फेरी माझ्याकडे आली. मी मुद्दाम काही करत नव्हते. बोट आपोआप जायचं आणि शहाण्याचंही बटण खाली पडायचं.

सकाळी फोन.

"आई, बटण बंद केलंस?"

"केलं असेन."

"असेन काय? भिंतीतूनच करंट नसेल तर मी इथून काय डोंबल करू?"

"मग तुझा शहाणा कसला गो शहाणा?"

ती हसायची नाही. पुढच्या खेपेला आली तेव्हा तिने त्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, 'आई, हात लावू नकोस.' माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, मला! दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण पट्टी काढली नाही. तह होता ना.

त्या दिवसांत मी फार दमले. काम असं काही नव्हतं, पण सतत कोणीतरी पाहुणा बसलेला असावा तशी मी माझ्याच घरात वावरत होते. पदर सारखा करायचा, केस सारखे करायचे. भर दुपारी लवंडले तर लगेच उठायचं, नाहीतर फोन यायचा, "बरं नाही का?" आधी कसं होतं, फोनवर "बरी आहे" म्हटलं की विषय संपायचा. आता ती सोय राहिली नव्हती. "आई, आज जेवली नाहीस." "आई, उठताना गुडघा धरलास." मी चिडायची. म्हणायची, तुला नोकरी आहे ना, मग ती कर, माझ्या गुडघ्यावर पाळत कशाला? ती म्हणायची, "करतेच आहे." तिचा आवाज कसा यायचा ते मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

दसऱ्याची गोष्ट सांगते. खंडेनवमीला आम्ही कोयता, विळी, यांचा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, माझा जुना टाइपरायटर असं सगळं पुसून मांडतो आणि हळदकुंकू वाहतो. त्या वर्षी मांडताना मनात आलं, पेटी का नको? तिच्या जिवावर तर मी इथे आहे. म्हणून कपाट उघडून पेटीलाही हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची चांगली घसघशीत माळ घातली. दुपारी पेटी बंद. थोड्या वेळात टक, टक. पेटी घरघरली आणि पुन्हा बंद. टक, टक. असं कितीतरी वेळ चाललं होतं. लेक तिकडे घामाघूम. शेवटी फोनवर म्हणाली, "आई, पेटी गरम होऊन आपोआप बंद होतेय. पुढे काही ठेवलंयस का?"

"काही नाही," मी म्हटलं. "हार घातलाय."

मग ती म्हणाली, "जाळीवरून काढ. फक्त जाळीवरून." पेटीचा श्वास कोंडला होता. मी हार उचलून शेजारी ठेवला, पेटी सुरू झाली. देवापुढे मात्र मी मनातल्या मनात क्षमा मागितली, कारण खंडेनवमीच्या दिवशीच पूजलेल्या वस्तूचा जीव घेतला असता.

त्यानंतर दोनतीन दिवसांनीच परतीचा पाऊस आला. पाऊस म्हणजे काय, विजाच. दुपारपासून आभाळ भाट्याच्या खाडीच्या बाजूने काळं होत आलं आणि चारच्या सुमाराला असा कडकडाट सुरू झाला की भांड्यावरची झाकणं थरथरली. आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. जे जे भिंतीत खुपसलेलं आहे ते ते उपटून ठेवायचं. गेल्या वर्षी शेजारणीने हे केलं नाही आणि तिच्या मुलाने आखातातून आणलेला भला मोठा टीव्ही एका विजेत जळाला होता. मी फ्रीज काढला, टीव्ही काढला, आणि शहाण्यापुढे येऊन थांबले. 'आई, हात लावू नकोस.'

हात लावला नाही आणि पेटी जळली, तर? नवी येईपर्यंत कोण थांबतंय, मलाच पुण्याला नेऊन ठेवायची ती. माझं घर माझ्या हातात होतं, भिंतीवरच्या एका बटणाएवढं. मी नखाने पट्टी सोलून काढली, बटण पाडलं, शहाण्याला उपटून कपाटावर ठेवलं, आणि तोंडाने म्हटलं, "वाढवली."

आपण दिवा विझवला म्हणत नाही, दिवा वाढवला म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. सासूबाईंची यात फार कडक शिस्त होती. माझ्या तोंडून एकदा 'दिवा विझला' असं निघालं, तर त्यांनी मला तो पुन्हा लावायला लावला आणि पुन्हा नीट शब्दांत वाढवायला लावला. मला स्वतःला तो शब्द हे गेल्यापासून नकोसा झालाय. त्या दिवशी माझ्या बांगड्याही बायकांनी वाढवल्याच. वाढवल्या म्हणजे पुन्हा येतील असं आपलं म्हणायचं, त्या काही आल्या नाहीत. तर तो शब्द त्या संध्याकाळी माझ्या तोंडून पेटीसाठी निघाला, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलंही नाही.

थोड्याच वेळात सगळ्या भागाची लाईट गेली. मोबाइलची रेंजही गेली, आणि त्याची बॅटरी आधीच संपत आली होती. शेजारीण असती तर तिच्याकडे गेले असते, पण ती लग्नाला माहेरी, नाटे गावाला गेलेली. मी देवापुढे समई लावली, मऊभात केला, मेतकूट घालून खाल्ला, आणि खूप दिवसांनी कोणी बघत नसताना पाय पसरून झोपले. खोटं कशाला सांगू, छान झोप लागली.

सकाळी दूध तापवत होते तर फाटकापाशी गाडी. लेक आत आली. केस विस्कटलेले, पायात घरातल्याच सपाता. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंन आणि तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"आहेस," ती म्हणाली.

मग सुरू झाली. "पेटी बंद, प्लग बंद, तुझा फोन बंद. शेजारच्या काकूंना लावला तर त्या नाट्याला. मी काय समजायचं? आंबा घाटात पुढचं दिसत नव्हतं इतकं धुकं. मला आपलं एकच दिसत होतं, तू न्हाणीघरात पडल्येस. बटण कोणी बंद केलं?"

"मी."

"पट्टी होती त्याच्यावर!"

"काढली."

"मग ठरल्याप्रमाणे. बॅग भर."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगो, विजा किती होत्या इथे! जळून गेली असती तुझी पेटी. आणि जळली असती तर तू मला नेलंच असतंस ना? म्हणून वाढवून ठेवली."

"काय केलीस?"

"वाढवली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दिव्याला म्हणतात ते?" मग सावकाश म्हणाली, "म्हणजे इथे राहता यावं म्हणून तू पेटी बंद केलीस. आणि पेटी बंद झाली म्हणून मी न्यायला आले."

एरवी आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. तेवढी ताकद दोघींतही नव्हती. मी तिच्या हातात चहा दिला. अर्धाच प्यायली, हॉलमध्ये चटई ओढून आडवी झाली, आणि "अर्धा तास हं" म्हणता म्हणता झोपली.

ती झोपली आणि लाईट आली. मला वाटलं, पटकन पेटी लावून टाकू, उठेल तेव्हा सगळं जागच्या जागी असलेलं बरं. मी शहाण्याला खुपसला, बटण वर केलं. टक. पेटी घरघरायला लागली. चहाची कपबशी उचलायला वळले, तोच चटईवरचा तिचा फोन वाजला. टिंग.

वाकून पाहिलं तर फोनच्या काचेवर चित्र उमटलेलं. वर लिहिलेलं, हॉल, हालचाल. चित्रात एक म्हातारी होती. पाठीत वाकलेली, पातळ अर्धवट वर खोचलेलं, आणि एका हाताने भिंत धरून उभी. क्षणभर मला खरंच वाटलं, ही कोण आपल्या घरात शिरली? मग पातळ ओळखलं. मी भिंत धरून चालते हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

मी सरळ उभी राहायला गेले. टिंग. आणि लेकीचा हात हलला. ती गाढ झोपेत होती, तोंड लहानपणीसारखं किंचित उघडं, भांगात पांढरे केस आलेले. पण हात चटईवर इकडेतिकडे फिरला, फोन चाचपू लागला. सापडला नाही तसा थोडा वेळ हवेतच राहिला आणि खाली पडला.

मी होते तिथेच खुर्चीत बसले. हलायचं नाही असं ठरवलं. मी हलले नाही तर फोन वाजणार नाही, फोन वाजला नाही तर ती झोपेल. पण म्हाताऱ्या माणसाला निश्चल बसवत नाही. गुडघ्यात कळ आली, पाय जरा लांब केला. टिंग. पुन्हा तो हात उठला.

तेव्हा मला कळलं. मी रात्री पाणी प्यायला उठत होते, पहाटे दूध आत घ्यायला जात होते, झोप येत नाही म्हणून उगाच पडवीत येरझाऱ्या घालत होते, आणि दर वेळी पुण्यात हा हात उठत होता. मी समजत होते, ही माझ्यावर पहारा ठेवून आहे, मजेत बसून बघते आहे. हिची पाठ धड टेकलेली नव्हती. मी इथे एकटी राहते असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायची. एकटी कुठली, हिच्या झोपेवर राहत होते.

उठले. टिंग. भिंत धरून चार पावलं गेले. टिंग. उठलेला हात मी आता बघितला नाही. कपाटापाशी वाकले आणि बटण पाडलं. घरघर थांबली. या वेळी घर मोठं वाटलं नाही. त्याच्यात तिचा श्वास ऐकू येत होता.

ऊन मागच्या दाराला येईपर्यंत ती झोपली. उठली ती दचकून. आधी फोन पाहिलान, मग कपाट. "पेटी?"

"वाढवली."

मला वाटलं, आता तापेल. नाही तापली. गुडघ्यांना मिठी घालून बसून राहिली. माझ्याच्याने मग राहवलं नाही.

"मी येत्ये पुण्याला," मी म्हटलं.

"आई, बॅग भर म्हटलं ते मी रागात..."

"रागाचं नाही गो. दमल्ये मी. रोज तुला बरी आहे, बरी आहे म्हणून सांगत आल्ये. नाही बरी. गुडघा जातो माझा. भिंत धरून चालत्ये, आजच बघितलं. आणि तू झोपत नाहीस."

तिने चटईची कड गुंडाळली. मग खाली बघूनच म्हणाली, "मी पण दमले, आई."

त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून वरणभात केला आणि जेवलो. मला घर सोडायचं दुःख झालं. खूप झालं. लेकीसाठी जाते आहे म्हणून ते कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही होत नाही. संध्याकाळी तिने पेटी पुन्हा लावली आणि तिच्यातलं जे काय घ्यायचं ते आपल्या लॅपटॉपमध्ये काढून घेतलं. मी डबे झाकले, तांदळात कडुनिंबाचा पाला टाकला, फणसाकडे जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण नाट्याहून परतली होती. तिच्या हातात किल्लीची जोडी दिली. "किती दिवस, वहिनी?" तिने विचारलं. बघू, म्हटलं. तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

मी देवापुढची समई वाढवली. गॅस बंद केला, हे मारायचे तशी बटणांची एक फेरी मारली. हॉलमध्ये आले तर लेक पेटीपासून चार पावलांवर उभी, आणि फोन काढून त्याच्यावर शहाण्याचं चित्र शोधत होती. इतक्या दिवसांची सवय.

"हाताने कर," मी म्हटलं.

तिने फोन खिशात घातला. कपाटापुढे खाली बसली, आत हात घालून मागचं बटण चाचपलं आणि खाली पाडलं. पंखा घरघरत घरघरत थांबला. ती तशीच बसून माझ्याकडे वळली. काय म्हणायचं ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"वाढवली," ती म्हणाली.

रडायचं नाही असं तहात होतं. मी रडले. कॅमेरे बंद होते, पण ती समोरच बसली होती.